कांदिवलीच्या नर्सबाईंसाठी डिंकाचे लाडू

आमच्या बाई मूळच्या गणिताच्या, हे आधीच सांगून टाकते. आज मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत लोक त्यांना ओळखतात ते बायकांना पौरोहित्य शिकवणाऱ्या बाई म्हणून. त्यांना व्याख्यानाला बोलावतात, शाल घालतात, भर रस्त्यात वाकून नमस्कार करतात आणि तेव्हा बाईंच्या हातात भाजीच्या पिशव्या असल्या तर दोन्हीकडची पंचाईत होते. पण तीसेक वर्षं त्यांनी घाटकोपरच्या एका शाळेत गणित शिकवलं आणि मंत्रही त्या तसेच शिकवतात. फळ्यावर, खडूने, पायऱ्यांसकट. कलश आधी का मांडायचा, नंतर का नाही, अक्षता कुठल्या शब्दावर वाहायच्या, सगळं क्रमाने सांगता आलं पाहिजे. कोणी नुसतंच सुरात म्हणून दाखवलं की बाई म्हणतात, "उत्तर आलं. पायऱ्या कुठायत?"

त्यांचं स्वतःचं शिक्षण मात्र उशिराचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या जवळच राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे गेल्या आणि मला शिकवा म्हणाल्या. गुरुजी म्हणाले, "बसा, ऐका. पण म्हणू नका." बाई दोन वर्षं ऐकत बसल्या. दोन वर्षं गप्प बसलेल्या बाई मला काही केल्या डोळ्यांसमोर आणता येत नाहीत, पण त्या सांगतात म्हणजे खरंच असणार. मग एका सकाळी पाठ देताना गुरुजींना खोकल्याची उबळ आली आणि ते जिथे थांबले तिथून बाईंनी शेवटपर्यंत म्हणून टाकलं. गुरुजी पाणी प्यायले, उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "उद्यापासून पुढे बसा."

पुढे बाईंनी मुलुंडला आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी चार बायका होत्या. त्यातली एक हॉलमधला पंखा चांगला आहे म्हणून आली होती, असं बाई स्वतःच सांगतात. आता सतरंज्या कमी पडतात. वर्गातल्या बायका लग्नं लावतात, मुंजी लावतात, सत्यनारायण आणि वास्तुशांती तर उठता बसता.

मी त्यांतलीच एक. आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी गेली आणि आम्ही दिंडोशीच्या कॉलनीत आलो. आमच्या घराण्यात पूजा सांगणारं कोणीच नव्हतं. आम्ही आपले पाटावर बसून गुरुजी सांगतील तसं पळीने पाणी सोडणारे. मी एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले आणि टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तरी टायपिस्टच राहिले. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, पुढे नोकरीही संपली आणि मी घरात बसून टीव्हीवरच्या माणसांशी भांडायला लागले. राग मला मुळातच लवकर येतो. त्यात ऐकून घेणारा माणूस गेलेला.

अशात एका नात्यातल्या लग्नात बाईंना पाहिलं. त्या लग्न लावत होत्या. सप्तपदीच्या वेळी नवरदेवाने हळूच मोबाइल काढला. बाई थांबल्या. सगळा मांडव थांबला. "झालं तुमचं की सांगा, मग पुढचं पाऊल टाकू," त्या म्हणाल्या. नवरदेवाने फोन मामाकडे दिला आणि बाईंनी पहिल्या पावलापासून पुन्हा सुरुवात केली. मला त्या तिथेच आवडल्या. पुढच्या सोमवारी दिंडोशीहून लिंक रोडची बस पकडून मी मुलुंडला गेले, ती आजतागायत जाते आहे. माझ्या आयुष्याचा गाडा त्या वर्गाने रुळावर आणला, हे मी कोणालाही सांगते.

आमच्या वर्गाची एक रीत आहे, ती दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. पूजा करून आलेल्या बाईला सोमवारी बाई पूजा कशी झाली हे विचारतच नाहीत. त्या विचारतात, "घरच्यांनी काय विचारलं?" त्यांचं म्हणणं असं, की ज्या घरात पूजेनंतर कोणाला एकही प्रश्न पडला नाही, तिथे पूजा झाली नाही, नुसता कार्यक्रम झाला. आलेला प्रश्न एका लांबट वहीत लिहायचा, कुठल्या गावचा, कोणी विचारला, आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांनी मिळून त्याचं उत्तर शोधायचं. या वहीच्या बाबतीत बाई फार कडक. एकीने एकदा केटररला घाई होती म्हणून अर्ध्या आहुत्या गाळल्या आणि वर्गात मात्र सगळ्या दिल्या म्हणून सांगितलं. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी तिला उठवून घरी पाठवलं आणि पुन्हा घेतलं नाही. "चुकलेलं गणित तपासता येतं," त्या म्हणाल्या, "खोटं गणित मी तपासत नाही."

आता माझी अडचण ऐका. मला कोणी प्रश्नच विचारत नसे. माझा चेहराच असा आहे की माणूस रस्ता चुकला तरी पत्ता मला सोडून दुसऱ्याला विचारतो. इतर जणी काय एकेक प्रश्न आणायच्या! देवाला निरोप देताना पुन्हा या म्हणतो, तर मग पाठवतो कशाला? आणि मला काय विचारलं जायचं? आरती किती वाजता? एसी लावला तर चालेल का? होमाच्या धुराने वरचा अलार्म वाजणार नाही ना? हा शेवटचा मी मोठ्या आशेने सांगितला, तर बाई म्हणाल्या, "हा वॉचमनचा प्रश्न आहे. बस खाली."

लागोपाठ तीन सोमवार मी कोरी गेले. चौथ्या सोमवारच्या आदल्या दिवशी कांदिवलीत एक सत्यनारायण सांगितला होता. तिथेही सगळे प्रसाद घेऊन थेट जेवणाच्या रांगेत. आणि त्याच संध्याकाळी दादा घरी आला होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमची जुनी बिल्डिंग पाडून नवीन टॉवर उभा राहिला होता आणि चाव्या मिळायच्या होत्या. मी भाड्याच्या खोलीत सामान बांधून बसले होते. दादाने चहा पिता पिता नव्या घराची वास्तुशांत ठरवून टाकली. "मी नि तुझी वहिनी बसतो ना पाटावर. तुका कित्याक टेन्शन? मंत्र तूच सांग. घरचीच भटजी हा!"

त्याने ते मायेने म्हटलं होतं. आमच्याकडे असंच करतात. एकट्या बाईचं घर असलं की भाऊ नाहीतर दीर जोडीने बसतो. मी मान हलवली आणि नंतर भांडी घासताना लक्षात आलं, की घर माझं, मंत्र माझे आणि पाटावर दादा-वहिनी. मी त्यांना म्हणणार, आपलं नाव घ्या. तवा इतका घासला की आजही तो शेजारणीच्या तव्यापेक्षा उजळ आहे.

तर चौथ्या सोमवारी बाईंनी विचारलं, "कांदिवलीला काय विचारलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एका बाईंनी विचारलं, बायको नसली तर पुरुष कमरेला सुपारी लावून पूजेला बसतो. मग नवरा नसला तर बाईने काय लावायचं?"

वर्गात एकदम हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. "कोण या बाई?" आता काय सांगणार! "निवृत्त नर्स आहेत." "एकट्या असतात?" "एकट्याच." "लिही वहीत," बाई म्हणाल्या, आणि मी माझ्या हाताने लिहिलं: कांदिवली, निवृत्त नर्स.

वाटलं होतं, आठवड्यात विषय मिटेल. कसला मिटतोय! पुढच्या सोमवारी बाई पोथ्यांची थप्पी घेऊन आल्या. ग्रंथ असं म्हणतो, रूढी तसं म्हणते, हा अर्थ असाही लागतो, फळा दोनदा भरला. शेवटी त्यांनी खाली रेघ मारली आणि लिहिलं, काहीही लावायचं नाही. "बाई पाटावर बसली की पाट भरला," त्या म्हणाल्या. मग बोरिवलीच्या व्याख्यानात त्यांनी हा प्रश्न सांगितला. घाटकोपरच्या महिला मंडळात सांगितला. "कांदिवलीच्या एका नर्सबाईंनी आमच्या विद्यार्थिनीला विचारलं," अशी सुरुवात आणि बायकांच्या टाळ्या. मी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि आतून माझी पुरती वाट लागली होती.

त्यात बाईंना नर्सबाईंना भेटायची ओढ लागली. मी म्हटलं, त्या गावी गेल्यात. पंधरा दिवसांनी विचारलं, आल्या का? मी म्हटलं, आल्या, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. हे सांगितलं आणि पुढच्या सोमवारी बाईंनी माझ्या हातात स्टीलचा डबा ठेवला. त्यात डिंकाचे लाडू. "त्यांना दे. हाडांना चांगले. एकटीला कोण करून घालणार?"

आता ते लाडू कोणाला देणार? अर्धे मी खाल्ले, अर्धे दादाने. "झकास झालेत गो, कोणी दिले?" त्याने विचारलं. मी म्हटलं, एका नर्सने. रिकामा डबा परत नेला तर पुढच्या वेळी तो भरून परत आला. या वेळी खारीकही जास्त होती. बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले आणि मला रडू आलं. पंचाहत्तरीला आलेली माझी बाई गॅससमोर उभी राहून डिंक तळते आहे, तोही जगात नसलेल्या गुडघ्यांसाठी. सांगावं तर वर्ग जातो. तो गेला की मी परत टीव्हीसमोर. न सांगावं तर दर सोमवारी त्यांच्या डोळ्यांत बघायचं कसं?

तो निर्णयही बाईंनीच घ्यायला लावला. पुढच्या सोमवारी वर्ग सुटल्यावर मी फळा पुसत होते. बाई म्हणाल्या, "रविवारी मी कांदिवलीला जाणार आहे. नर्सबाईंचा पत्ता दे."

मी फळ्याकडे तोंड करूनच सांगितलं, "बाई, नर्सबाई नाहीत."

"गेल्या?" बाईंचा आवाज असा काही कातरला, की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

"गेल्या नाहीत. नव्हत्याच. मी खोटं सांगितलं." मग सगळंच सांगितलं. तीन कोरे सोमवार, दादा, पाट, तवा. सगळं सांगून झालं तरी मी पुसलेलाच फळा पुसत होते.

बाईंनी वही मिटली, तेवढं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "लाडू?"

"खाल्ले."

"दोन्ही डबे?"

"दादाने पण खाल्ले."

"मग तुझे गुडघे तरी बरे आहेत का?" त्या म्हणाल्या आणि मला वाटलं, सुटले. मी हसत मागे वळले, तर बाई हसत नव्हत्या. इतक्या संतापलेल्या मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "महिनाभर मी त्या बाईसाठी देवाजवळ हात जोडतेय. गुडघे बरे होऊ देत म्हणून. लाज नाही वाटली?" वाटत होती, पण ते सांगायचं कसं? "आणि तीन वर्षं या वर्गात बसतेस. मला कधी एक प्रश्न विचारला नाहीस. पहिला विचारलास तो दुसरीच्या तोंडून. मी काय वाघ आहे?"

मी म्हटलं, "थोड्याशा आहात."

त्यावर त्यांना हसू आवरलं नाही, पण शिक्षा काही टळली नाही. तीन महिने मी कुठेही पूजा सांगायची नाही. पहिल्या वर्षाच्या रांगेत बसायचं. वहीतल्या नोंदीवर माझ्याच हाताने रेघ मारायची आणि खाली दिंडोशी, स्वतःचा प्रश्न, असं लिहायचं. मी सगळं केलं. घरी पाठवलं नाही, यातच मला सगळं मिळालं होतं. निघताना बाई म्हणाल्या, "आता पत्ता दे." मी विचारलं, कोणाचा? "प्रश्न जिचा तिचा. वास्तुशांत मी सांगणार. पाटावर तू."

दादाला हे सांगणं बाईंना सांगण्यापेक्षा सोपं जाईल असं वाटलं होतं. त्याने आधी उठून पंखा मोठा केला. मग म्हणाला, "आणि लोक काय बोलतील? भाऊ जिवंत असताना?" मी म्हटलं, लोक प्रसाद खातील आणि जातील. मला तर ते कधी काही विचारत नाहीत. त्यावर तो पुटपुटला, "मी सोवळं ड्रायक्लीन करून आणलंय गो." त्याचं खरं दुःख बहुधा तेच होतं.

वास्तुशांतीच्या दिवशी टॉवरमध्ये नुसती धांदल होती. सगळ्यांना चाव्या एकदम, मुहूर्तही तोच, त्यामुळे लिफ्टमध्ये केळीचे खांब, समिधांची पोती आणि गुरुजी एकमेकांना खेटून वर जात होते. बाई मुलुंडहून रिक्षाने आल्या. दारात दादा रेशमी सोवळं नेसून, तोंड फुगवून उभा. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं तयार होऊन आलात. मला मदतनीस हवाच होता." त्यानंतर तो फुलं, अक्षता, तूप असं काही तत्परतेने पुढे करत होता, की वहिनीने मला खूण करून सांगितलं, घरी हा स्वतःचा चहाचा कपही उचलत नाही.

मी पाटावर बसले. एकटी. बाईंनी संकल्प सुरू केला. संकल्प म्हणजे पूजेच्या आधी देवापुढे सांगायचं, की मी अमुक, अमुक ठिकाणी राहते, आज हे हे करते आहे. मला तो इतका पाठ, की मी बाईंच्या पुढे पळायला लागले. त्यांनी पळीने ताम्हनावर टकटक केलं. "यजमान, पुढे पळू नका. मी सांगीन तेवढंच." दादा खुदकन हसला. मग त्या म्हणाल्या, "आपलं नाव घ्या."

किती घरांत किती जणांना मी हे वाक्य म्हटलं असेल. स्वतःचं नाव त्या जागी कधी घेतलं नव्हतं. मी ते घेतलं, पाणी सोडलं आणि मला खूप आनंद झाला. दुसरा कुठला शब्द सुचत नाही. धुराने अलार्म वाजला, वॉचमन धावत वर आला, त्यालाही प्रसाद दिला. आजूबाजूचे लोक जेवले आणि गेले. कोणी काही बोललं नाही.

जेवणानंतर बाई घर बघत हिंडल्या आणि स्वयंपाकघरात येऊन थांबल्या. ओट्यावर हात ठेवून उभ्याच राहिल्या. मी विचारलं, बाई, पाणी देऊ का? त्या म्हणाल्या, "मुलुंडचं घर आम्ही दोघांनी मिळून बुक केलं होतं. ताबा मिळाला तेव्हा हे नव्हते. वास्तुशांतीला पाटावर दीर आणि जाऊ बसली. मी अशीच ओट्याशी उभी होते, पुरणाला चटका देत. संकल्प आतूनच ऐकला. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळायला लागलं तोवर घर जुनं झालं होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझे तीन महिने संपले की पहिली पूजा माझ्या घरी सांगायची."

मी म्हटलं, तुमच्यासमोर माझी जीभ वळायची नाही. त्या म्हणाल्या, "वळेल. चुकलीस तरी टोकणार नाही. त्या दिवशी मी यजमान."

तीन महिने संपले त्या आठवड्यात मी गेले. कोणाला बोलावलं नव्हतं, आम्ही दोघीच. बाईंनी ठेवणीतली मोरपिशी साडी काढली होती. वीस वर्षांच्या त्या घरात त्या पाटावर बसल्या, मी समोर बसले आणि संकल्प सांगायला लागले. माझी दोनदा चूक झाली. शब्दाला जागल्या, टोकलं नाही. मग मी म्हटलं, "आपलं नाव घ्या."

शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज. पण या वेळी नुसते ओठ हलले. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. पुढे जावं की थांबावं, मला क्षणभर कळेना. मग मी पळी खाली ठेवली.

"बाई, ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "पुन्हा घ्या."

बाईंनी डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि पुन्हा नाव घेतलं. ते जिन्यातही ऐकू गेलं असेल.